कळ नेमकी कुठं थांबते?

आमचं मेडिकल कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत आहे, वडिलांनी चालू केलेलं, आता मी बसतो. काउंटरवर एक प्रश्न मला सारखा येतो आणि तो आला की मी हातातलं काम बाजूला ठेवतो. माणूस चिठ्ठी पुढं करतो, मी कार्बामॅझेपिनची, म्हणजे चेहऱ्याच्या नसेतल्या कळेवर देतात त्या गोळीची, स्ट्रिप काढून देतो, आणि तो जरा आवाज खाली घेऊन विचारतो, "ही झोपेची गोळी हाय न्हवं?" कधी म्हणतो, "फिटची हाय म्हणं, आमच्या आईला तर कवा फिट आली न्हाई." कधी कुणी विचारत पण नाही, नुसती स्ट्रिप उलटीपालटी करून बघतो, पाठीमागची बारीक अक्षरं वाचतो, आणि मला लगेच समजतं की ही गोळी घरी गेल्यावर धड घेतली जाणार नाही.

ह्याच्यावर मला कधीपासून सविस्तर लिहायचं होतं, कारण ह्या एका गैरसमजापायी माझ्या आत्तीनं जे भोगलंय ते मी जवळून बघितलंय.

आत्ती शिवाजी पेठेत राहते. साठी ओलांडलेली, पण पहाटे उठून अंबाबाईला चालत जाणारी, आल्यावर चुलीवर भाकऱ्या थापणारी बाई. (गॅस आहे घरात, पण भाकरी चुलीवरच, त्यात तडजोड नाही.) एका थंडीत तिच्या उजव्या गालात कळ यायला लागली. कळ म्हणजे दाताची असते तशी ठणकणारी नाही. ती सांगायची, "गालात वीज शिरती आन् जाती." काही सेकंदच, पण तेवढ्यात बोलणं अर्ध्यात तुटायचं, डोळे गच्च मिटायचे, आणि हात गालाजवळ यायचा पण गालाला लागायचा नाही, दोन बोटं अंतर ठेवून तसाच हवेत थांबायचा. हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता दुकानात कोण तसा हात धरून उभा राहिला तर चिठ्ठी बघायच्या आधीच मला अंदाज येतो. दुखणाऱ्या जागेवर आपण हात दाबून धरतो, डोकं दुखलं तर कपाळ दाबतो, दात दुखला तर गाल दाबतो, पण ह्या दुखण्यात स्पर्शच वैरी असतो. आत्तीनं उजव्या बाजूनं चेहरा धुणं सोडलं होतं. एकदा हळदीकुंकवाला कुणीतरी लावलेली हळद त्या गालावर पुढं कितीतरी दिवस तशीच दिसायची, डावा गाल स्वच्छ आणि उजव्यावर तो पिवळा डाग. रंकाळ्यावर वारं असतं म्हणून तिकडं जाणं बंद, देवळात जायचं तर पदर गालापासून लांब धरून, चहा डाव्या कोपऱ्यातनं, आणि भाकरी तर दुधात पार कुस्करून.

पहिल्यांदा सगळ्यांनी दातच समजला, आणि ह्यात नवल काहीच नाही, कारण कळ वरच्या दाढेतनंच निघाल्यासारखी वाटते. वरची एक दाढ काढली. कळ तशीच. मग शेजारची काढली. ती पण चांगली धडधाकट दाढ होती. जगभर ह्या आजारात असे कितीतरी निरोगी दात गेलेत, पुस्तकं पण तेच सांगतात. शेवटी एका न्यूरॉलॉजिस्टनी नीट बसवून सगळं ऐकून घेतलं आणि नाव सांगितलं, ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. चिठ्ठीवर कार्बामॅझेपिन १०० मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ, पुढं हळूहळू वाढवायची.

आठवडाभरात कळा निम्म्याच्या खाली आल्या. पण आत्ती दुपारी झोपायला लागली, जी बाई आयुष्यात कधी दुपारी आडवी झाली नव्हती ती जेवल्या जेवल्या पेंगायला लागली, उठताना भिंतीला हात लावायला लागली, आणि माझ्या आत्तेभावानं ते बघून गोळीच बंद केली. "आईला गुंगीत ठेवून दुखणं लपवायचं, ह्याला काय विलाज म्हणत्यात काय?" असं तो मला म्हणाला. त्याचं आईवर जीव टाकणं मला माहीत आहे, त्यामुळं त्याचा राग मी समजू शकतो. पण चार दिवसात कळा परत आल्या आणि ह्या वेळेला पाणी पिणं पण मुश्किल झालं.

त्याच्या बोलण्यात जी गोष्ट गृहीत धरलेली आहे तीच मला खोडायची आहे. गृहीत हे की मेंदूला झोप आणली म्हणून कळ कळेनाशी झाली, कळ आहे तिथंच आहे. खरं तसं नाहीये. कळ जिथं तयार होते तिथंच हे औषध तिला अडवतं, आणि झोप हा त्याच कामाचा दुसऱ्या जागी होणारा परिणाम आहे. हे समजून घ्यायला त्या नसेपर्यंत जावं लागतं.

चेहऱ्याची संवेदना नेणारी मुख्य नस म्हणजे ट्रायजेमिनल, मेंदूतनं निघणाऱ्या बारा जोड्यांपैकी पाचवी. प्रत्येक बाजूला एक, आणि तिच्या तीन शाखा: एक कपाळ आणि डोळ्याकडं, एक गाल, वरचा ओठ, वरचे दात, आणि तिसरी खालचा जबडा, खालचे दात, जिभेचा पुढचा भाग. आपण कोल्हापूरकर ह्या नसेला रोज कामाला लावतो. तांबडा रस्सा ओरपल्यावर जिभेला, ओठाला जो जाळ होतो तो चवीच्या नसांचा विषय नाहीच, तो ट्रायजेमिनलचा विषय आहे. मिरचीतलं कॅप्सेसिन ह्या नसेच्या टोकावरच्या टीआरपीव्ही१ नावाच्या रिसेप्टरला, म्हणजे निरोप पकडणाऱ्या जागेला, जाऊन चिकटतं, आणि हाच रिसेप्टर साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वरच्या उष्णतेला पण उघडतो, म्हणून मेंदूला वाटतं की तोंड भाजलं. १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस ह्यांच्या टीमनं हा रिसेप्टर शोधला आणि २०२१ चं नोबेल त्यांना आर्डेम पॅटापुटियन ह्यांच्याबरोबर विभागून मिळालं. पंचगंगेची धोका पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट, आणि ह्या रिसेप्टरचा आकडा पण ४३, निव्वळ योगायोग आहे पण मी तो कधी विसरत नाही.

तर रश्श्याचा जाळ हा सरळमार्गी जाळ आहे. टोकाला खरंच काहीतरी लागलं, तिथनं निरोप निघाला, नसेतनं मेंदूत गेला. आत्तीच्या कळेत टोकाला काहीच घडलेलं नसतं. गालाला काही झालेलं नाही, दाढेला काही झालेलं नाही. गडबड आहे ती आत, कवटीच्या आत, जिथं ही नस मेंदूच्या देठाला, म्हणजे पॉन्स म्हणतात त्या भागाला मिळते तिथं. बऱ्याच पेशंटमध्ये तिथं एखादी रक्तवाहिनी, बहुतेक वेळा लहान मेंदूला रक्त नेणारी वरची धमनी, नसेला चिकटून असते आणि दर ठोक्याला तिच्यावर दाब देत राहते. वर्षानुवर्षं असं झालं की नसेवरचं मायलिनचं आवरण, वायरवरच्या प्लास्टिकसारखं, तिथं झिजतं. वॉल्टर डँडी ह्या अमेरिकन सर्जननं ऑपरेशन करताना असे दाब बघून १९३४ मध्ये लिहून ठेवलं होतं, पण त्या काळात त्याचं फारसं कुणी मनावर घेतलं नाही. पुढं १९६७ मध्ये पीटर जॅनेटांनी मायक्रोस्कोपखाली ती रक्तवाहिनी बाजूला करून मधी गादी ठेवायचं ऑपरेशन मांडलं, आज तिथं टेफ्लॉनचा तुकडा ठेवतात. काहींना हाच आजार मल्टिपल स्क्लेरोसिसमुळं होतो, तिथं आवरण वेगळ्या कारणानं गेलेलं असतं. पण आवरण गेलं की पुढं जे होतं ते सारखंच: झिजलेल्या जागेत धागे आपोआप पेटतात, आणि स्पर्शाच्या धाग्यातला सिग्नल शेजारच्या वेदनेच्या धाग्यात उडी मारतो. म्हणून वाऱ्याची झुळूक, पदराची कड, ब्रशचा केस लागला तरी कळ. दाबलं तर एवढं नाही, हलका स्पर्श जास्त वाईट.

आता गोळी काय करते ते. नसेचा प्रत्येक धागा आतनं बाहेरच्या तुलनेत उणे विजेवर बसलेला असतो, साधारण उणे ६०-७० मिलिव्होल्ट. त्याच्या भिंतीत सोडियमचे दरवाजे असतात. हे समजायला आपल्याला लांब जायला नको, राधानगरी धरण डोळ्यासमोर आणा. शाहू महाराजांनी काम सुरू केलेलं ते धरण, आणि त्याचे ते सात स्वयंचलित दरवाजे, पावसाळ्यात अख्खं कोल्हापूर ज्यांच्या बातमीवर कान लावून असतं. पाणी ठरावीक पातळीला गेलं की दरवाजा आपणहून उघडतो, कुणी हँडल फिरवायला लागत नाही, आणि पाणी उतरलं की आपणहून बसतो. सोडियमचे दरवाजे तसेच, फक्त पाण्याच्या जागी विजेची पातळी. पातळी एका हद्दीच्या वर गेली की दरवाजे उघडतात, सोडियम आत घुसतो, पातळी अजून वर जाते, शेजारचे दरवाजे उघडतात, आणि सिग्नल धरणाखालच्या भोगावती नदीच्या पाण्यासारखा पुढं पळत सुटतो.

पण नसेच्या दरवाजाला एक जादा सोय आहे जी राधानगरीला नाही. उघडल्यावर एखाद्या मिलिसेकंदात तो आतल्या बाजूनं अडकतो, पातळी वर असली तरी. ह्याला इनॅक्टिव्हेशन म्हणतात. थोडा वेळ तो अडकलेलाच राहतो, मग मोकळा होतो आणि परत उघडायला तयार. कार्बामॅझेपिन ह्या अडकलेल्या अवस्थेतल्या दरवाजाला जाऊन धरतं आणि त्याला मोकळं व्हायला उशीर लावतं. बस्स, एवढंच करतं. आणि ह्या एवढ्यातच सगळी खुबी आहे. जो धागा निवांत आहे, कधीतरी एखादा निरोप देतो, त्याचे दरवाजे अडकलेल्या अवस्थेत फारसे नसतातच, त्याला औषध फारसं हात लावत नाही. जो धागा पिसाळलाय, सेकंदाला शेकडो वेळा पेटायला बघतोय, त्याचे दरवाजे सारखे उघडतात आणि सारखे अडकतात, तिथं औषधाला धरायला भरपूर जागा मिळते. म्हणजे गोंधळ जिथं, गोळी तिथं. म्हणूनच आत्तीचा गाल गोळीनं बधिर होत नाही. दाताच्या डॉक्टरांकडं लिग्नोकेनचं इंजेक्शन घेतल्यावर ओठ जाड होतो, चहा सांडतो, तसं काही नाही. पदर लागलेला तिला कळतो, पाणी गार आहे का गरम ते कळतं, आणि तरी कळ उठत नाही. लिग्नोकेन पण सोडियमच्याच दरवाजांवर बसतं, पण ते एका जागी एवढ्या जोरात दिलेलं असतं की निवांत धागे पण बंद पडतात.

मग झोप का येते? कारण हे दरवाजे काय फक्त गालाच्या नसेत नाहीत. मेंदूभर आहेत, तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूत आहेत. गोळी पोटातनं रक्तात जाते, रक्त सगळीकडं जातं. म्हणून पेंग, म्हणून भिंतीला हात, म्हणून कधी एकाचे दोन दिसणं. फिट थांबते ती पण ह्याच कामामुळं, मेंदूतले पिसाळलेले धागे गप्प होतात. झोप, फिट आणि कळ ह्या तिन्हीच्या मुळाशी तोच दरवाजा.

ह्याचा इतिहास पण हेच सांगतो आणि मला तो फार आवडतो. फ्रान्समध्ये निकोला आंद्रे ह्यांनी १७५६ मध्ये ह्या दुखण्याचं वर्णन करून त्याला नाव दिलं, इंग्लंडमध्ये जॉन फोदरगिलनी १७७३ मध्ये. त्यानंतर जवळजवळ पावणेदोनशे वर्षं खात्रीचं औषध नाही. १९४२ मध्ये बर्गूइन्याँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी फिटची फेनिटॉइन वापरून बघितली, विचार असा की हे दुखणं पण चेहऱ्याच्या नसेतली एक प्रकारची फिटच असणार. विचार बरोबर निघाला. बासेलच्या गायगी कंपनीत वॉल्टर शिंडलर ह्यांनी १९५३ मध्ये कार्बामॅझेपिन बनवलं होतं, आणि १९६२ मध्ये स्वीडनच्या सिगफ्रिड ब्लोम ह्यांनी ट्रायजेमिनल न्यूराल्जियात ते चालतं असं लॅन्सेट ह्या मेडिकल जर्नलमध्ये छापलं. अमेरिकेत तर १९६८ मध्ये ह्याला परवानगी मिळाली ती ह्या चेहऱ्याच्या दुखण्यासाठी, फिटसाठीची परवानगी नंतर १९७४ मध्ये. म्हणजे "फिटची गोळी आमच्या आईला कशाला" असं जे विचारतात त्यांना मी सांगतो की मावशी, तिथल्या सरकारी कागदावर ही आधी गालाच्या कळेची गोळी आहे आणि मग फिटची.

आता आत्तेभावाच्या मुद्द्याला दुसऱ्या बाजूनं तपासून बघू. समजा खरंच झोप आल्यामुळं कळ थांबत असती, तर झोपेच्या कुठल्याही औषधानं थांबायला पाहिजे होती. तशी थांबत नाही. फेनोबार्बिटोन १९१२ पासून वापरात आहे, गाढ झोप आणतं, पण नुसतं बार्बिट्युरेट (फेनोबार्बिटोनच्या गटातलं औषध) दिलेला वेदनेतला पेशंट शांत होण्याऐवजी बेचैन होतो, कधी बरळायला लागतो, हे फार्माकॉलॉजीच्या पहिल्या वर्षाच्या शिकवणीतलं आहे. अल्प्राझोलाम घेऊन माणूस झोपेल, सकाळी ब्रश गालाला लागला की कळ तशीच हजर. (रात्री गाढ झोपेत ह्या कळा मुळात कमीच येतात, त्यामुळं "गोळी घेतली आणि रात्र चांगली गेली" ह्यावरनं काही ठरवता येत नाही.) डॉक्टर काहींना क्लोनॅझेपाम किंवा बॅक्लोफेन जोडीला देतात आणि त्याचा उपयोग होतो, पण पहिली गोळी कार्बामॅझेपिन किंवा तिची बहीण ऑक्सकार्बाझेपिनच.

आणि ह्या झोपेच्या औषधांची पण नसेवर एक वेगळीच कहाणी आहे. मेंदूत शांतता आणणारं एक रसायन आहे, गाबा. बरीच झोपेची आणि भुलीची औषधं, बार्बिट्युरेट, डायझेपाम, मिडाझोलाम, प्रोपोफॉल, ही गाबाचा जोर वाढवतात. मोठ्या माणसाच्या मेंदूतल्या पेशीत क्लोराइड कमी असतो, गाबा आला की क्लोराइड आत शिरतो आणि पेशी गप्प होते. पण संवेदना नेणाऱ्या नसांच्या पेशी, ट्रायजेमिनलच्या गँगलियनमधल्या, म्हणजे नसेच्या पेशींच्या गाठीतल्या पण, आयुष्यभर आत भरपूर क्लोराइड साठवून ठेवतात, त्यासाठी त्यांच्याकडं खास पंप आहे. तिथं गाबा आला की क्लोराइड बाहेर जातो आणि पेशी उलट थोडी चेतवली जाते. आणि तरीसुद्धा, मेंदूच्या देठाशी ह्या धाग्यांचं जे टोक आहे तिथं ह्याच थोड्या चेतण्यामुळं पुढं निरोप देणारं रसायन कमी सुटतं, म्हणजे निरोप दारातच अडतो. तोच रिसेप्टर, तेच औषध, पण मेंदूत वेगळी गोष्ट आणि चेहऱ्याच्या नसेत वेगळी. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी दुकान बंद करून रात्री उशिरापर्यंत परत परत वाचत बसलो होतो, इतकं ते मला सुंदर वाटलं.

अजून एक दरवाजा सांगायचा राहिला, एचसीएन. हा सगळ्यांच्या उलटा चालतो. पातळी वर गेली की नाही, खाली गेली की उघडतो, म्हणजे राधानगरीचं पाणी उतरल्यावर उघडणारा दरवाजा कल्पून बघा. एकदा पेटून नस खाली आली की हा उघडतो आणि तिला परत वर ढकलतो, चल, परत पेट. हृदयात हेच काम ठोक्याला ठोका जोडत असतं, तिथं ह्याच्यावर आयव्हॅब्राडिनची गोळी आहे, नाडी कमी करायला देतात, आणि ती घेणाऱ्या काहींना डोळ्यापुढं लखलख प्रकाश दिसतो कारण डोळ्याच्या पडद्यात पण त्याच घराण्यातले दरवाजे आहेत. दुखावलेल्या संवेदनेच्या नसेत हे एचसीएन जादा काम करायला लागले की नस गप्प बसायलाच तयार होत नाही. आणि भुलीच्या औषधांतली काही नेमकी ह्याच्यावर बसतात. ह्या दरवाजाचा एक प्रकार, एचसीएन१, नसलेले उंदीर तयार केले तेव्हा प्रोपोफॉल आणि केटामिनचा झोप आणायचा असर त्यांच्यावर कमी पडला, म्हणजे ही औषधं फक्त गाबाच्या किंवा दुसऱ्या ठरलेल्या रिसेप्टरच्या जोरावर चालत नाहीत.

डेक्समेडेटोमिडिनचं तर ह्याहून भारी आहे. ऑपरेशन थिएटरमध्ये, आयसीयूमध्ये वापरतात, माणूस झोपेत असतो पण हाक मारली की उठून उत्तर देतो. मेंदूच्या देठातल्या लोकस सेरुलियस नावाच्या छोट्या केंद्राला अल्फा-२ रिसेप्टरवरनं शांत करून ते झोप आणतं. पण भूलतज्ज्ञांच्या लक्षात आलं की हेच औषध नसेजवळ लोकल भुलीच्या इंजेक्शनमध्ये मिसळलं तर बधिरपणा जास्त वेळ टिकतो. नसेत, मेंदूत नाही. २०११ मध्ये छापलेल्या उंदरांच्या पायाच्या नसेवरच्या प्रयोगात अल्फा-२ बंद करून बघितलं तरी हा असर गेला नाही, पण एचसीएनचा करंट वाढवणारं रसायन दिलं तेव्हा मात्र गेला. म्हणजे झोप एका दाराने आणि वेदनेला आळा दुसऱ्याच दाराने. उंदरांवरचं आहे, पायाच्या नसेचं आहे, आत्तीच्या गालावर कुणी हे करत नाही, आणि ही औषधं घरी घ्यायची नाहीतच, ती भूलतज्ज्ञाच्या हातातली. पण आत्तेभावाला मी हेच सांगितलं की बघ, ज्या औषधाचं कामच झोपवणं आहे ते सुद्धा दुखणं नुसतं झोपवून थांबवत नाही, ते नसेला जाऊन भिडतं.

त्यानं ऐकलं. एकदम नाही, दोन-तीन संध्याकाळी दुकानात येऊन बसला, उलटसुलट विचारलं, मग डॉक्टरांकडं परत घेऊन गेला. डॉक्टरांनी गोळी परत अगदी कमी डोसपासून चालू केली. पेंग पहिल्या काही आठवड्यात जास्त असते, मग शरीर सरावतं, आणि ह्याला एक कारण पण आहे: कार्बामॅझेपिन लिव्हरमधल्या एन्झाइमना जागं करतं आणि ते एन्झाइम ह्याच गोळीला जास्त वेगानं संपवायला लागतात, म्हणून काही आठवड्यांनी डोस परत बघावा लागतो. हेच जागे झालेले एन्झाइम दुसऱ्या गोळ्या पण संपवतात, रक्त पातळ ठेवणारी वॉरफेरिन, पाळणा लांबवायच्या गोळ्या, ह्यांचा जोर कमी होतो. आणि उलट, घसा धरला म्हणून कुणी एरिथ्रोमायसिन किंवा क्लॅरिथ्रोमायसिन लिहून दिलं तर कार्बामॅझेपिन रक्तात साठतं आणि पेशंट दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खायला लागतो. माझी काउंटरवर सगळ्यात जास्त नजर असते ती ह्या जोडीवर. एका चिठ्ठीवर एक, दुसऱ्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर दुसरं, आणि पेशंटला वाटतं दोन वेगळी दुखणी, दोन वेगळ्या गोळ्या. मी अशी चिठ्ठी आली की फोन केल्याशिवाय औषध देत नाही, गिऱ्हाईक रागावलं तरी चालेल.

म्हाताऱ्या माणसांत रक्तातलं सोडियम उतरतं हा दुसरा धोका, आणि ते उतरलं की परत गुंगी, परत गोंधळ, मग घरचे म्हणतात बघा गोळीनं वेडं केलं. साधी रक्ततपासणी आहे, करून घ्यावी. सुरुवातीच्या दोन महिन्यात अंगावर पुरळ आलं, तोंडात फोड आले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं, वाट बघायची नाही, कारण क्वचित पण स्टीव्हन्स-जॉन्सन नावाची जिवावरची रिअ‍ॅक्शन होते, आशियाई लोकांत एका विशिष्ट एचएलए (प्रतिकारशक्तीच्या) जीनवाल्यांना तिचा धोका जास्त. आणि आपल्या मनानं गोळी एकदम बंद करायची नाही. हे सगळं मी प्रत्येकाला सांगतो, गर्दी असली तरी सांगतो, मागचा माणूस "आवरा की लवकर" म्हणाला तरी सांगतो.

झोप न आणता फक्त नसेवर काम करणारी गोळी निघेल का, हा आत्तेभावाचा शेवटचा प्रश्न होता आणि तो प्रश्न जगातल्या मोठमोठ्या लॅबचा पण आहे. सोडियमच्या दरवाजांचे नऊ प्रकार आहेत. त्यातला १.७ नंबरचा जन्मतःच निकामी असला तर माणसाला वेदनाच कळत नाही, पाकिस्तानातल्या अशा कुटुंबांवरचं काम २००६ मध्ये नेचर ह्या विज्ञानाच्या जर्नलमध्ये छापून आलं, आणि तेव्हापासून शोध चाललाय. १.८ नंबरचा दरवाजा मुख्यतः वेदना नेणाऱ्या बाहेरच्या नसांत असतो, मेंदूत जवळजवळ नाही. फक्त त्याला अडवणारी सुझेट्रिजिन नावाची गोळी अमेरिकेत जानेवारी २०२५ मध्ये मंजूर झाली. ऑपरेशननंतरच्यासारख्या ताज्या दुखण्यासाठी आहे, ट्रायजेमिनलसाठी नाही, पण दिशा तीच जी आपल्याला पाहिजे.

आत्तीला मी हे सांगितलं तेव्हा ती उजव्या दाढेनं शेंगदाण्याची चटणी-भाकरी खात होती. म्हणाली, "आपल्याकडं आली की पयल्यांदा मला आण, पैसं मी देतो." आमच्याकडच्या बायका अशाच बोलतात, देतो-घेतो-जातो. एमआरआय झालाय, त्यात नसेला चिकटलेली रक्तवाहिनी स्पष्ट दिसतेय, आणि गोळी कमी पडायला लागली तर ऑपरेशनचा पर्याय आहे असं डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलंय. तिचं म्हणणं, ऊस कारखान्याला गेल्याशिवाय त्या विषयावर बोलायचं नाही. तोवर सकाळी दोनशे, रात्री दोनशे, आणि पुढच्या सोमवारी सोडियम तपासायला रक्त द्यायचंय, आत्तेभाऊ रजा टाकून घेऊन जाणार आहे.